पंख्यावरचे स्टार आणि प्रमाणाचा प्रश्न



आजचा विषय जाहीर झाल्यावर आपल्या नेहमीच्या श्रोत्यांपैकी काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं पंख्याशी आणि फ्रिजशी काय काम? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर देऊ.

आपल्या भाषेत ‘प्रमाण’ हा एकच शब्द तीन कामं करतो. प्रमाण म्हणजे माप. प्रमाण म्हणजे ज्याच्याशी ताडून पाहायचं तो मान्य दर्जा. ‘प्रमाण भाषा’ म्हणतो तसं. आणि दर्शनशास्त्रात प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवण्याचं खात्रीचं साधन. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही नैयायिकांची चार प्रमाणं आपल्याला ठाऊक आहेत. आता दुकानात टांगलेल्या पंख्यावरचं ते स्टारचं लेबल बघा. त्यात माप आहे, ठरवलेला दर्जा आहे, आणि ‘हे खरं माना’ असा दावाही आहे. तिन्ही अर्थांनी ते प्रमाण आहे. मग ते प्रमाण कोणी ठरवलं, कशाच्या आधारावर ठरवलं आणि कोणाच्या उपयोगाचं आहे, हे विचारणं तत्त्वज्ञानाच्या बाहेरचं कसं?

दुसरं असं, की सोलापुरात हा विषय पुस्तकी राहत नाही. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसून विड्या वळणाऱ्या बाईला पंखा ही चैन नाही. तो किती वीज खातो, यावर तिच्या घरचा महिन्याचा हिशेब ठरतो. म्हणून आज आपण या लेबलची आणि त्यामागच्या नियमांची समीक्षा करू. समीक्षा म्हणजे निंदा नव्हे. जे चांगलं आहे ते चांगलं म्हणायचं, आणि जिथे ते अपुरं पडतं तिथे बोट ठेवायचं.

नियम कसा घडतो

आधी थोडी माहिती. २००१ साली आपल्या संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा केला. १ मार्च २००२ रोजी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाखाली एक ब्युरो स्थापन झाला. त्याला सगळे ‘बीईई’ म्हणतात. मे २००६ मध्ये स्टार लेबलची योजना सुरू झाली. सुरुवातीला ती ऐच्छिक होती. कारखानदाराला वाटलं तर त्याने लेबल लावावं. जानेवारी २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, रूम एसी, ट्यूबलाइट आणि वितरण ट्रान्सफॉर्मर यांना ते सक्तीचं झालं. छताचा पंखा, जो जवळजवळ प्रत्येक घरात असतो, तो सक्तीत आला १ जानेवारी २०२३ रोजी.

नियम घडण्याची रीत साधारण अशी. ब्युरोची तांत्रिक समिती बसते. तिथे कारखानदारांचे प्रतिनिधी असतात, प्रयोगशाळांचे असतात, मानक ब्युरोचे असतात, काही तज्ज्ञ आणि ग्राहकांच्या बाजूने बोलणारे थोडे लोक असतात. बाजारात काय विकलं जातंय, त्याची कार्यक्षमता किती, ती किती वाढवता येईल, त्याने किंमत किती चढेल, यावर चर्चा होते. मसुदा निघतो, हरकती मागवल्या जातात, आणि मंत्रालयाच्या मंजुरीनंतर राजपत्रात अधिसूचना येते. राज्यात या कायद्याचं काम बघायला ‘महाऊर्जा’ ही संस्था आहे.

कायद्याच्या चौदाव्या कलमात सरकारला दोन वेगवेगळे अधिकार दिलेले आहेत, आणि आजच्या आपल्या सगळ्या विवेचनाचा पाया तोच फरक आहे. एक अधिकार, वस्तूवर लेबल लावायला सांगण्याचा. दुसरा, ठरावीक पातळीच्या खालची वस्तू बनवायला, आणायला आणि विकायला बंदी करण्याचा. पहिला अधिकार ग्राहकाला माहिती देतो आणि निवड त्याच्यावर सोडतो. दुसरा बाजाराला जमीन घालून देतो, की याच्या खाली कोणी जायचं नाही. लेबल सक्तीचं झालं की दोन्ही एकत्र येतात, कारण एका स्टारलाही पात्र नसलेला माल मग विकताच येत नाही. पण चर्चा होते ती पाच स्टारची. खालच्या त्या एका स्टारची कोणी करत नाही. आमचा आजचा मुद्दा असा, की सामान्य माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो खालचा एक स्टार.

लेबल हे शब्दप्रमाण आहे

दुकानात उभा असलेला ग्राहक पंख्याचे वॅट डोळ्यांनी बघू शकत नाही. त्याला प्रत्यक्ष प्रमाण उपलब्ध नाही. अनुमान करायचं तर पुढच्या तीन-चार महिन्यांची बिलं लागतील, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर. म्हणून तो दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. लेबल म्हणजे छापील शब्दप्रमाण.

शब्द प्रमाण कधी होतो? न्यायदर्शनाचं उत्तर आहे, तो आप्ताचा असेल तर. आणि आप्त कोण, याच्या दोन अटी वात्स्यायनाने सांगितल्या. त्याला वस्तू जशी आहे तशी स्वतः कळलेली असली पाहिजे, आणि ती तशीच सांगण्याची इच्छा असली पाहिजे. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो, ही कसोटी सगळ्यांना सारखीच, असंही तो म्हणतो. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. म्हणजे अधिकाराच्या शिक्क्याने कोणी आप्त ठरत नाही. सरकारी बोधचिन्ह छापलं म्हणून लेबल खरं होत नाही.

मग या लेबलचा आप्त कोण? बऱ्याच जणांना वाटतं की सरकार प्रत्येक पंखा तपासतं. तसं नाही. कारखानदार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आपल्या मॉडेलचा चाचणी अहवाल घेतो, ब्युरोकडे नोंदणी करतो आणि लेबल लावतो. नंतर ब्युरो बाजारातून काही नमुने उचलून त्यांची पडताळणी करतो. नमुना नापास झाला तर दुसरी संधी मिळते, जास्त नमुने घेऊन पुन्हा चाचणी होते, आणि तरी नापास झाला तर कारवाई. जगभर साधारण हीच पद्धत आहे, कारण प्रत्येक नग तपासणं कोणालाच परवडणार नाही. पण याचा अर्थ असा, की पहिली अट, म्हणजे वस्तू माहीत असणं, ती कारखानदार पूर्ण करतो. आणि दुसरी अट, म्हणजे जसं आहे तसं सांगण्याची इच्छा, ती टिकते पडताळणीच्या धाकावर. किती नमुने उचलले, किती नापास झाले, कोणावर काय कारवाई झाली, हे लोकांना सहज कळेल अशा रीतीने नियमित मांडलं गेलं, तरच हे शब्दप्रमाण बळकट होतं. ते बंद दाराआड राहिलं तर आपण आप्तावर नाही, शिक्क्यावर विश्वास ठेवतोय.

आणि इच्छा चांगली असली तरी मापण्याची रीतच चुकीची असू शकते. याचं एक बोलकं उदाहरण युरोपात घडलं. तिथे व्हॅक्यूम क्लीनरसाठी ऊर्जा लेबल आलं. चाचणी कशी व्हायची? धुळीची पिशवी रिकामी ठेवून. आता आपल्यापैकी कोणी रिकाम्या पिशवीने घर झाडून काढतं का? पिशवी भरत जाते तशी यंत्राची ताकद आणि वीजवापर बदलतो. डायसन कंपनी न्यायालयात गेली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने तो लेबलचा नियमच रद्द केला. चाचणी प्रत्यक्ष वापराच्या शक्य तितकी जवळ असली पाहिजे, हा त्याचा गाभा. आमच्या मते लेबलच्या इतिहासात याहून तात्त्विक निकाल दुसरा नसेल.

लक्षणाचे दोष

आता दुसरी कसोटी लावू. ‘कार्यक्षम वस्तू कोणती?’ या प्रश्नाला स्टार हे उत्तर आहे, म्हणजे ते एक लक्षण आहे. आणि लक्षणाचे दोष आपण पहिल्या वर्षाच्या तर्कशास्त्रात शिकतो. गायीचं लक्षण ‘शिंगं असलेली’ असं केलं तर म्हैसही त्यात शिरते, ही अतिव्याप्ती. ‘कपिल रंगाची’ असं केलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती.

स्टारमध्ये अतिव्याप्ती कुठे आहे? फ्रिज घ्या. स्टार फ्रिजच्या आकारमानाच्या प्रमाणात दिले जातात. शिवाय फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचं कोष्टक वेगळं आणि साध्या, म्हणजे डायरेक्ट कूल फ्रिजचं वेगळं. त्यामुळे मोठा दोन दारी थ्री स्टार फ्रिज हा लहान एक दारी टू स्टार फ्रिजपेक्षा वर्षाला जास्त युनिट खाऊ शकतो. घरात माणसं तीन आणि फ्रिज चारशे लिटरचा, तरी त्यावर पाच स्टार. लेबल म्हणतं कार्यक्षम, मीटर म्हणतं खर्चिक. दोघंही खोटं बोलत नाहीत. लेबल गुणोत्तर सांगतं, मीटर बेरीज सांगतं. बिल मात्र बेरजेचं येतं. म्हणून स्टारच्या जोडीला लेबलवर वार्षिक युनिटचा आकडा छापलेला असतो. तो बारीक अक्षरातला आकडा आधी वाचा आणि स्टार नंतर मोजा, असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

अव्याप्ती कुठे? एसीचं बघू. रूम एसीचे स्टार ज्या गुणोत्तरावर दिले जातात त्यात बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरलेलं आहे, आणि वर्षाचा वापर १६०० तास. हे सगळ्या देशासाठी काढलेलं सरासरीचं हवामान आहे. पूर्वीच्या एकाच तापमानाच्या चाचणीपेक्षा ही पद्धत नक्कीच सुधारलेली आहे. पण मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे गेला, ही बातमी सोलापूरकराला नवी नाही. महाबळेश्वर आणि सोलापूर यांची सरासरी काढून जे गाव तयार होतं, त्या गावात कोणी राहत नाही.

आणि याहून मोठी अव्याप्ती आपल्या यंत्रमागांत आहे. सोलापूरची चादर आणि टॉवेल जगात गेले ते यंत्रमागावर, आणि माग चालतो मोटरवर. नव्या मोटरींसाठी देशात कार्यक्षमतेच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. आयई-२, आयई-३ अशी नावं कारखान्यात ऐकू येतात. पण नियम लागू होतो नव्या विक्रीला. आमच्या पूर्व भागातल्या किती तरी शेडमध्ये जुने माग आहेत, आणि मोटर जळाली की नवी येत नाही, वाइंडिंगवाल्याकडे जाते. रिवाइंड करताना तारेचा गेज बदलला, गाभा जास्त तापवला गेला, की मोटरची कार्यक्षमता थोडी उतरते, आणि हे एकाच मोटरच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होतं. त्या मोटरवर लेबल नाही, कोष्टक नाही, पडताळणी नाही. कायद्याच्या नजरेला ती दिसतच नाही, मीटरला मात्र रोज दिसते. वस्तू जन्माला येताना तिची कुंडली मांडायची आणि नंतरची वीस वर्षं तिच्याकडे बघायचं नाही, अशी ही व्यवस्था आहे.

एका रात्रीत गळलेले स्टार

आता पंख्याकडे येऊ. पंख्याचं माप सोपं आहे. एका मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलली, त्याला किती वॅट लागले त्याने भागायचं. समजा पंखा मिनिटाला २१० घनमीटर हवा देतो. त्याला ७५ वॅट लागत असतील तर भागाकार येतो २.८. साडेबावन्न वॅट लागत असतील तर ४. आणि ३५ वॅट लागत असतील तर ६. वारा तेवढाच, वीज निम्म्याहून कमी. नव्या बीएलडीसी मोटरच्या पंख्यांनी हे शक्य करून दाखवलं.

जुन्या ऐच्छिक कोष्टकात नेहमीच्या बाराशे मिलिमीटरच्या पंख्याला ४ आले की पाच स्टार मिळायचे. १ जानेवारी २०२३ च्या नव्या कोष्टकात ४ ला मिळतो एक स्टार, आणि पाच स्टारसाठी लागतात ६. म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री जो फाइव्ह स्टार होता तोच पंखा सकाळी वन स्टार झाला. पातं बदललं नाही, मोटर बदलली नाही, वारा बदलला नाही.

यात फसवणूक झाली का? नाही. यातून कळतं ते असं, की स्टार हा वस्तूचा गुण नाही, तो संबंध आहे. उंच, लहान, थोरला हे शब्द जसे दुसऱ्या कोणाच्या तुलनेतच अर्थ देतात, तसा स्टार. आणि तुलनेची पट्टी वेळोवेळी वर सरकली नाही तर तिचा उपयोग संपतो. युरोपात १९९२ पासून ‘ए’ ते ‘जी’ अशा श्रेणी होत्या. हळूहळू सगळाच माल ‘ए’ मध्ये यायला लागला. पट्टी वर सरकवायच्या ऐवजी त्यांनी ‘ए’च्या पुढे एक, दोन, तीन अधिक चिन्हं लावली. परीक्षेत सगळ्यांना पहिला वर्ग मिळाला म्हणून विशेष पहिला वर्ग काढावा, तसं. शेवटी १ मार्च २०२१ पासून काही उपकरणांसाठी सगळं पुसून पुन्हा ‘ए’ ते ‘जी’ सुरू करावं लागलं. जपानने वेगळी वाट धरली. १९९८ मध्ये कायद्यात बदल करून त्यांनी ठरवलं, की आज बाजारात जो सगळ्यांत उत्तम आहे त्याच्या आसपासची पातळी काही वर्षांत सगळ्यांची सरासरी झाली पाहिजे. तिथे पट्टी सरकणं हा अपवाद नाही, तोच नियम आहे.

आपल्याकडे पंख्याची पट्टी सरकली ते चांगलंच झालं. पण एवढ्या वर्षांनी आणि एवढ्या मोठ्या उडीने सरकल्यामुळे दुकानदारही गोंधळला आणि गिऱ्हाईकही. लेबलवर त्याचा कालावधी छापलेला असतो. तो वाचायला कोणी शिकवलं नाही. पुढच्या पायऱ्यांचं वेळापत्रक आधीच जाहीर असलं, की कारखानदाराला तयारीला वेळ मिळतो आणि ग्राहकाचा विश्वासही उडत नाही.

घेणारा एक, बिल भरणारा दुसरा

इथून आपण मूळ मुद्द्यावर येतो. लेबलमागे माणसाची एक कल्पना गृहीत धरलेली आहे. तो माणूस दुकानात जातो, लेबल वाचतो, हिशेब करतो, आज जास्त पैसे घालून उद्याची बचत विकत घेतो. असा माणूस आहे, नाही असं नाही. पण तो शहरात किती जणांच्या रूपात दिसतो?

भाड्याच्या खोलीचा विचार करा. पंखा बसवतो घरमालक, बिल भरतो भाडेकरू. मालकाने स्वस्तातला पंखा घेणं हे त्याच्या हिशेबाने शहाणपणाचं. कारखान्याच्या शेडमध्ये पंखे मालकाचे, उकाडा कामगाराचा. बांधकाम व्यावसायिक फ्लॅटबरोबर पंखे देतो तेव्हाही तेच. लेबल कितीही सुंदर छापा, ज्याला ते वाचून फायदा आहे तो दुकानात गेलेलाच नसतो.

आणि जो स्वतः घेतो त्याचं काय? एक हिशेब मांडून पाहू. ७५ वॅटचा पंखा दिवसाला १५ तास, वर्षातले २७० दिवस चालला तर सुमारे ३०४ युनिट होतात. ३२ वॅटचा तितकाच चालला तर सुमारे १३० युनिट. फरक १७४ युनिटचा. दर युनिटला ५ रुपये धरला तर वर्षाला ८७० रुपये वाचतात. १० रुपये धरला तर १७४०. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, पहिल्या १०० युनिटला कमी आणि पुढे जास्त. म्हणजे ज्याचा वापर मोठा त्याची बचतही प्रत्येक युनिटमागे मोठी, आणि ज्याच्या घरात एकच पंखा आणि दोन दिवे, त्याची लहान. दोन पंख्यांच्या किमतीतला फरक समजा १२०० रुपये असला, तर मोठ्या घरात तो आठ-नऊ महिन्यांत वसूल होतो, लहान घरात सव्वा वर्षाहून अधिक लागतं. आणि ते १२०० रुपये आज हातात नसतात, हे वेगळंच. विडी वळणाऱ्या बाईला हिशेब कळत नाही असं नाही. हिशेब तिला आपल्यापेक्षा चांगला कळतो. तिच्याकडे वाट बघण्याइतके पैसे नाहीत. कमी पैसेवाल्याला वस्तू स्वस्त पडते आणि ती वापरणं महाग पडतं.

म्हणून आम्ही म्हणतो, नुसत्या लेबलवर थांबणं म्हणजे सार्वजनिक प्रश्न खाजगी निवडीच्या गळ्यात बांधणं. ‘माहिती दिली होती, तुम्ही वाचली नाही’ असं म्हणून राज्यसंस्थेला हात झटकता येत नाहीत. याउलट खालची मर्यादा वर उचलली, तर भाडेकरूला, कामगाराला, निरक्षर माणसाला काहीही न वाचता तिचा लाभ होतो. मालकाने दुकानातला सगळ्यांत स्वस्त पंखा आणला तरी तो बरा असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० च्या दशकात फ्रिजसाठी अशा मर्यादा घालायला सुरुवात केली, पुढे १९८७ मध्ये देशासाठी कायदा झाला. त्या दशकाच्या मध्याशी तुलना केली तर तिथला नवा फ्रिज आज साधारण एक चतुर्थांश वीज खातो, आणि आकाराने तो मोठा झाला आहे.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला स्वातंत्र्याचा. सरकारने माझा पंखा का ठरवावा? आम्ही व्यक्तिस्वातंत्र्य मानणारे आहोत. पण माझ्या विजेचा परिणाम माझ्या घरात संपत नाही. आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. कोळसा बाहेरून येतो, पाणी उजनीचं. उजनीच्या पाण्यावर ऊस, शहर, उद्योग आणि खालची गावं किती वर्षं भांडताहेत, हे इथे कोणाला सांगायला नको. वाया गेलेल्या युनिटमध्ये राख आहे, धूर आहे आणि उजनीचं थोडं पाणीही आहे. जिथे दुसऱ्याला झळ पोचते तिथे मर्यादा घालणं हे स्वातंत्र्याच्या विरोधात नाही. शिवाय एक स्टार ते पाच स्टार यांत निवड शिल्लक राहतेच.

दुसरा आक्षेप गरिबाच्या बाजूचा. मर्यादा वर नेली की स्वस्त पंखा नाहीसा होईल, आणि लहान जुळणीवाले कारखाने बंद पडतील. हा आक्षेप आम्हाला अधिक गंभीर वाटतो. त्याचं उत्तर मर्यादा न घालणं हे नाही. मर्यादेबरोबर किंमत खाली आणणं हे आहे. ते कसं जमतं याचा दाखला आपल्याच देशात आहे. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एलईडी दिवे एकगठ्ठा खरेदी केले. खरेदीचा दर तीनशे रुपयांच्या वरून काही वर्षांत चाळीसच्या खाली आला, आणि छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. आज साध्या टपरीवर एलईडी लागलेला दिसतो, तो लेबल वाचून घेतलेला नाही. तो स्वस्त आणि सहज मिळाला म्हणून घेतला आहे.

पंख्यांबाबत असंच करावं, हा विचार पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाने फार आधी मांडला होता, आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेत अतिकार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रम आलाही. २०२३ च्या अखेरीस एक कोटी पंख्यांच्या योजनेची घोषणा झाली. पण दिव्यांइतका वेग पंख्यांना आजवर आला नाही.

आपल्या गावापुरतं बोलायचं तर कुंभारीला रे नगर ही असंघटित कामगारांची ३०,००० घरांची वसाहत आहे. त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे लोक तिथे राहायला जाताहेत. घरी दोन पंखे धरले तर ६०,००० पंखे. प्रत्येकी ४० वॅट वाचले, तर सगळे चालू असताना २४०० किलोवॅटची मागणी कमी होते. १३२० मेगावॅटपुढे हा आकडा लहान आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण ही एकच वसाहत झाली, आणि त्या प्रत्येक घराच्या बिलात तो आकडा लहान नाही. सार्वजनिक पैशाने घर बांधताना दारं-खिडक्यांचा दर्जा ठरवतो, तसा पंख्याचाही ठरवता येतो. एकगठ्ठा खरेदीसाठी याहून सोयीची जागा कोणती असेल?

आपण काय मागायचं

समीक्षेचा शेवट मागणीत झाला पाहिजे, नाहीतर ती नुसती टीका राहते. आमच्या मते पाच गोष्टी मागण्यासारख्या आहेत.

एक, खालच्या मर्यादेचं पुढच्या काही वर्षांचं वेळापत्रक आधी जाहीर व्हावं. दोन, पडताळणीचे निकाल लोकांना कळतील असे, मॉडेलच्या नावासह नियमित यावेत. तीन, सरकारी घरकुलं, शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांत एकगठ्ठा खरेदीने चांगले पंखे आणि दिवे बसवावेत. चार, यंत्रमागाच्या जुन्या मोटरी बदलण्यासाठी सवलत मिळावी आणि वाइंडिंगच्या कारागिरांना रीतसर प्रशिक्षण द्यावं. त्यांना वगळून नव्हे, सोबत घेऊन. पाच, लेबलचा मजकूर बहुतांश इंग्रजीत असतो, तो लोकांच्या भाषेत यावा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं एका गल्लीत राहतात. स्टार सगळ्यांना मोजता येतात हे खरं. पण युनिटचा आकडा आणि कालावधी या खऱ्या कामाच्या गोष्टी वाचायला भाषा लागते.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. हे मसुदे हरकतींसाठी खुले असतात तेव्हा त्यावर लिहिणारे बहुतेक लोक कारखानदारांचे असतात. त्यांनी लिहावंच, तो त्यांचा हक्क आहे. पण आपणही ग्राहक संघटनेच्या, कामगार संघटनेच्या, यंत्रमागधारक संघाच्या नावाने एक साधं पत्र लिहू शकतो. त्यात आपल्या गावाचं तापमान लिहावं, पंखा किती तास चालतो ते लिहावं, बिल कोण भरतं ते लिहावं. समितीच्या टेबलावर सरासरीचा माणूस बसलेला आहे. त्याच्या शेजारी सोलापूरचा माणूस बसवायचा असेल तर ते पत्र आपल्यालाच लिहावं लागेल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.